नव्या गुडघ्यातला खडा

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. मुलं झोपली की चहा घेऊन निवांत वाचा.

आपण इकडे, आई-बाबा तिकडे, आणि त्यांचे गुडघे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात. दर महिन्याला इथे कोणी ना कोणी विचारतं, "बाबांचा गुडघा बदलायचा म्हणतात, काय करू?" माझ्या घरचा मामला त्याच्या पुढचा होता. आईचा उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी बदलला होता, त्यात उशिराने इन्फेक्शन शिरलं आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली. दादाने खर्चाच्या एस्टिमेटचा फोटो पाठवला. त्यात एक ओळ होती: बोन व्हॉइड फिलर, कॅल्शियम सल्फेट. दादाचा प्रश्न साधा होता. "हाडातल्या पोकळीत हे भरणार. नंतर आपोआप विरघळतं म्हणतात. पण विरघळेपर्यंत त्याचे कण सुटून नव्या सांध्यात गेले आणि सांधाच घासला गेला तर?"

मी सीए आहे, डॉक्टर नाही. पण एखादी ओळ समजल्याशिवाय ती पास करायची नाही ही वीस वर्षांची सवय. म्हणून वाचत गेले, आणि लक्षात आलं की दादाचा प्रश्न कृत्रिम सांध्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. सांधा बसवायला, टिकवायला, पोकळी भरायला म्हणून जे जे आपण आत घातलं, त्याचाच कण पुढे भातातल्या खड्यासारखा दाताखाली आला का, हा हिशेब डॉक्टर आणि इंजिनियर गेली साठ-पासष्ट वर्षं मांडताहेत.

गुडघ्याची गोष्ट खुब्यापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात रायटिंग्टन नावाचं हॉस्पिटल आहे. तिथे जॉन चार्नली नावाचे सर्जन १९५८ च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा बसवू लागले. धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी. टेफ्लॉन म्हणजे आपल्या डोशाच्या तव्यावरचं तेच. घर्षण इतकं कमी की पेशंट आनंदाने चालत घरी जायचे. सुमारे तीनशे ऑपरेशनं झाली. आणि मग दोन-तीन वर्षांत ते पेशंट परत येऊ लागले. टेफ्लॉन निसरडं होतं, पण झिजत होतं भयंकर वेगाने, आणि झिजून निघालेल्या भुकटीभोवती शरीर सूज आणून आजूबाजूचं हाड खाऊन टाकत होतं. निसरडं असणं आणि न झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तीनशे लोकांच्या खुब्यांनी शिकवलं. चार्नलींनी ते सांधे स्वतः पुन्हा उघडून काढले. एवढंच नाही, या भुकटीचं शरीरात काय होतं ते पाहायला त्यांनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. महिनोन्महिने गाठी हाताला लागत होत्या.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस मात्र हॅरी क्रेव्हन, त्यांच्या वर्कशॉपमधला तंत्रज्ञ. १९६२ मध्ये एक सेल्समन प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या मागांचे सुटे भाग तो या प्लास्टिकचे विकायचा. चार्नलींनी तुकडा पाहिला, नखाने दाबला आणि क्रेव्हनला सांगितलं, वेळ घालवू नकोस. क्रेव्हनने तरीही तो झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. चार्नली परदेशात गेले होते, ते परत येईपर्यंत यंत्र रात्रंदिवस चालू. तीन आठवडे घासूनही तो तुकडा टेफ्लॉन एका दिवसात झिजेल तेवढाही झिजला नव्हता. तेच पॉलिइथिलीन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पहिल्या पेशंटमध्ये बसलं, आणि आज तुमच्या-माझ्या आईच्या गुडघ्यात धातूच्या खाली जी पांढरी प्लास्टिकची गादी आहे ती याच खानदानातली. (ज्यांचे आजोबा परळ-लालबागच्या गिरणीत होते त्यांनी मुलांना हे जरूर सांगा. मँचेस्टरजवळ राहत असाल तर क्वारी बँक मिलची शाळेची सहल होतेच, तिथे माग धडधडताना मुलं पाहतात.)

आता सिमेंटकडे येऊ, कारण 'भरायचं सामान' इथूनच आलं. धातू आणि हाड एकमेकांना धरून राहत नाहीत, सांधा सैल होतो. चार्नलींनी मँचेस्टरच्या डेंटल स्कूलमधल्या डेनिस स्मिथ यांच्याकडून दातांच्या कवळ्यांसाठी वापरतात तसं ॲक्रिलिक घेतलं. पावडर आणि द्रव कालवायचं, पिठासारखं झालं की हाडात दाबायचं, काही मिनिटांत दगड. नाव बोन सिमेंट, पण हा गोंद नाही. चिकटत नाही. फरशीखाली गवंडी माल भरतो तसं ते फटी भरून भार सगळीकडे वाटून देतं.

पण हे सिमेंट एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून त्यात पांढरी भुकटी मिसळतात: एकतर बेरियम सल्फेट, म्हणजे पोटाच्या एक-रेआधी प्यायला देतात तेच, नाहीतर झिर्कोनियम डायऑक्साइड. हा दुसरा पदार्थ चांगलाच कठीण, सिरॅमिकच. सिमेंटचा एक बारीक कण तुटला आणि धातू-प्लास्टिकच्या मधे अडकला तर त्यातली ही कठीण भुकटी आरशासारख्या गुळगुळीत धातूवर ओरखडे काढू शकते. झिजेचं शास्त्र याला थर्ड बॉडी म्हणतं. पहिला धातू, दुसरं प्लास्टिक, आणि तिसरा हा न बोलावलेला पाहुणा.

गुडघ्याला हा पाहुणा खुब्यापेक्षा जास्त छळतो. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा, भार मोठ्या भागावर पसरतो. गुडघ्यात वरचे दोन गोल उंचवटे जवळपास सपाट गादीवर टेकतात, घरंगळतात, सरकतात, थोडे वळतातही. टेकतात ती जागा लहान, म्हणून दाब जास्त. रायटिंग्टनलाच कॅनडाहून शिकायला आलेल्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस धातू, प्लास्टिक आणि सिमेंट यांचा गुडघा केला. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत 'टोटल कंडायलर' गुडघा आला. आजच्या बहुतेक गुडघ्यांचा हा थेट पूर्वज. तो करणाऱ्यांत जॉन इन्सॉल, इंजिनियर पीटर वॉकर आणि आपले चित्तरंजन राणावत. राणावत हे नाव ओळखीचं वाटलं का? ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, तो यांनीच, आणि पुढच्या वर्षी उजवाही. आमच्या घरात 'गुडघा बदलणे' हे शब्द पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर आले ते त्या बातम्यांमुळे.

त्याच न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमधलं १९८३ चं एक काम मला, धंदा असा असल्यामुळे, फार भावलं. हूड, राइट आणि बर्स्टिन यांनी पेशंटमधून काढलेले ४८ टोटल कंडायलर गुडघे घेतले आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागाचं अक्षरशः ऑडिट केलं. पृष्ठभागाचे दहा भाग. नुकसानीचे सात प्रकार: खड्डे, ओरखडे, थर सुटणे वगैरे. प्रत्येक भागाला प्रत्येक प्रकारासाठी ० ते ३ गुण. म्हणजे जास्तीत जास्त २१०. आणि त्या सातांतला एक स्वतंत्र प्रकार होता: प्लास्टिकमध्ये रुतलेले सिमेंटचे कण. मऊ प्लास्टिकमध्ये कण रुतून बसतो आणि तिथून प्रत्येक पावलाला वरचा धातू खरवडतो. खरवडलेला धातू मग किसणीसारखा प्लास्टिकला किसतो. गुडघ्याच्या मागच्या बाजूला, जिथे सर्जनला नीट दिसत नाही, तिथे सिमेंटचा ओघळ राहून गेला की पुढे तो तुटायची भीती. म्हणून चांगले सर्जन शेवटी आरशाने किंवा बोटाने मागे चाचपून जास्तीचं सिमेंट काढतात आणि सांधा भरपूर पाण्याने धुतात.

यानंतर जे झालं त्याला मी 'खर्च चुकीच्या खात्यावर टाकणं' म्हणेन. सांध्याभोवतीचं हाड विरघळताना दिसलं की दोष सिमेंटला दिला जायचा. १९८७ मध्ये तर एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'सिमेंट डिसीज' आलं. लिहिणारे जोन्स आणि हंगरफोर्ड. उपाय उघड होता: सिमेंटच नको, धातूवर बारीक मण्यांचा सच्छिद्र थर द्या, हाड त्यात वाढेल. हंगरफोर्ड यांचाच सहभाग असलेला असा एक बिनसिमेंटचा गुडघा खूप खपला. पण त्यातलं प्लास्टिक पातळ, सपाट, आणि वरून गरम दाबून चकचकीत केलेलं. ते लवकर झिजलं, थर सुटले. धातूचे मणीही काही वेळा सुटून सांध्यात आले. हाड तरीही विरघळत होतं, सिमेंटचा पत्ताच नसताना! तेव्हा कुठे सगळ्यांच्या गळी उतरलं की मुख्य आरोपी प्लास्टिकची भुकटी आहे. जर्मनीत विलर्ट यांनी १९७० च्या दशकातच झिजेच्या कणांकडे बोट दाखवलं होतं. एक मायक्रॉनपेक्षाही लहान कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, ते पचत नाहीत, पेशी चिडतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना हाक मारतात. सिमेंट निर्दोष सुटलं असं नाही. त्याचा गुन्हा वेगळा होता: भुकटी तयार करायला मदत करणं.

(प्लास्टिकची पुढची सुधारणा मी गाळते आहे. गॅमा किरणांनी हवेत निर्जंतुक केल्याने ते ठिसूळ व्हायचं, मग पॅकिंग बदललं, मग क्रॉसलिंक केलेलं आलं. तो एक वेगळाच अध्याय.)

आता मुद्दा असा की कण मधे आला तर किती नुकसान? इथे इंग्लंडमधलंच लीड्स विद्यापीठ येतं. डंकन डाउसन या प्राध्यापकांनी तिथे घर्षण-झिजेच्या शास्त्राची मोठी शाळा उभी केली. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गुळगुळीत धातूवर सरकण्याच्या दिशेला आडवा गेलेला एकच ओरखडासुद्धा प्लास्टिकची झीज कित्येक पटींनी वाढवू शकतो. का? शेतकरी घरातल्यांना पटकन कळेल. सरी पाडली की माती दोन्ही बाजूंना वर येते, वरंबा होतो. धातूवर ओरखडा पडला की खणलेला धातू तसाच काठावर चढतो. सरी किती खोल, याने प्लास्टिकला फारसा फरक पडत नाही. वरंबा किती उंच, याने पडतो. तो वरंबाच प्लास्टिक किसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, दादाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

तर अखेर फिलर. हाडातली पोकळी भरायची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जुनी. १८९२ मध्ये जर्मनीत बॉन इथे ड्रीसमन या सर्जनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद केली आहे, तीही त्यात जंतुनाशक कार्बोलिक मिसळून. हो, तेच पीओपी. गणपतीच्या मूर्तींचं, हात मोडल्यावरचं. रासायनिक नाव कॅल्शियम सल्फेट. पाणी घातलं की घट्ट होतं, आणि शरीरात काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत विरघळून जातं.

मधल्या काळात मात्र सिमेंटनेच बाजी मारली. १९७० मध्ये हँबर्गमध्ये बुखहोल्त्स आणि एंगेलब्रेख्त यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळलं. अँटिबायोटिक हळूहळू नेमक्या जागी झिरपत राहतं, रक्तातून तेवढा डोस देणं परवडणारच नाही. त्याच दशकात क्लेम यांनी अशाच सिमेंटचे मणी तारेत ओवून हाडाच्या इन्फेक्शनमध्ये ठेवायला सुरुवात केली. अगदी माळच. अडचण एकच, माळ विरघळत नाही, पुन्हा उघडून काढावी लागते. म्हणून फिरून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लास्टरकडे लोक वळले. शुद्ध केलेलं कॅल्शियम सल्फेट आणि अँटिबायोटिक ऑपरेशन थिएटरमध्येच कालवतात, साच्यात दाबतात, आणि साबुदाण्यापासून वाटाण्याएवढे मणी तयार. ते पोकळीत आणि सांध्याच्या आसपास सोडून जखम शिवतात. काढायला परत जायला नको.

पण हे मणी सुटे असतात, आणि सांधा लगेच हलायला लागतो. एखादा मणी धातू आणि प्लास्टिकच्या मधे चिरडला गेला तर? लीड्समधल्या गटाने नेमकं हेच तपासलं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. इम्प्लांटच्या धातूच्या, म्हणजे कोबाल्ट-क्रोमच्या, चकचकीत पट्ट्या घेतल्या. बाजारातल्या दोन कॅल्शियम सल्फेट फिलरचे कण आणि तुलनेसाठी बोन सिमेंटचे कण घालून त्या घासल्या. मग ओरखडे मोजले, आणि त्याच पट्ट्यांवर पॉलिइथिलीन घासून झीज मोजली. शिवाय एक पट्टी मुद्दाम हिऱ्याच्या टोकाने ओरबाडलेली, वरंबा २ मायक्रॉन उंच, म्हणजे वाईटात वाईट काय होईल ते कळावं.

निकाल मजेशीर आहे. एका कॅल्शियम सल्फेटचे ओरखडे इतके किरकोळ की मोजायच्या उपकरणाला दिसलेच नाहीत. दुसऱ्या कॅल्शियम सल्फेटने मात्र सिमेंटपेक्षाही जास्त ओरखडे काढले. लेबलवर मूळ पदार्थाचं नाव एकच! आपण एस्टिमेटमध्ये 'कॅल्शियम सल्फेट' वाचून एकच वस्तू समजतो, पण धातूला तो फरक कळतो. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट: ज्या दोघांचे ओरखडे मोजता आले त्यांचेही वरंबे मायक्रॉनच्या काही शतांश भागाएवढेच उंच होते. एवढ्याने प्लास्टिकची झीज वाढली नाही, न ओरबाडलेल्या पट्टीइतकीच राहिली. हिऱ्याने ओरबाडलेल्या पट्टीवर मात्र ती कितीतरी वाढली. वरंबा पुरेसा उंच असता तर वाढलेली झीज या यंत्राने टिपली असती, याचा हा पुरावा.

विचार केला तर पटण्यासारखं आहे. कॅल्शियम सल्फेट शरीरात शेवटी जिप्समच असतं, आणि जिप्समवर आपल्या नखानेही चरा पडतो. कोबाल्ट-क्रोमपुढे ते काय टिकणार? शिवाय सिमेंटचा कण प्लास्टिकमध्ये रुतला की वर्षानुवर्षं तिथेच, हा काही आठवड्यांचा पाहुणा. चालत्या-फिरत्या माणसाची वर्षाला साधारण दहा लाख पावलं धरतात, यंत्रावरच्या चाचण्याही त्याच हिशेबाने मोजतात. त्यातली किती पावलं कणासकट पडतात, यावर सगळं आहे.

म्हणून मी दादाला सांगितलं की झिजेच्या भीतीने ती ओळ खोडायला सांगू नकोस. मागे आईच्या सांध्यात इन्फेक्शन आहे, ती जोखीम आज समोर उभी आहे. पण प्रयोगशाळेतली सपाट पट्टी म्हणजे आईचा गुडघा नव्हे, हेही सांगितलं. तिथे रक्त नाही, तुटलेल्या हाडाचे तुकडे नाहीत, जुन्या सिमेंटचे उरलेले कण नाहीत. रिव्हिजनमध्ये जुनं सिमेंट फोडूनच काढावं लागतं, आणि खरा कठीण कण मला तरी तोच वाटतो. सर्जनना विचारायचे प्रश्न मग आपोआप बदलले. मणी सांध्याच्या आत सोडणार की हाडाच्या पोकळीत? किती? जुनं सिमेंट काढल्यावर प्लास्टिक आणि धातू नवे बसवायच्या आधी धुणार कसं? आणि झिजेशी संबंध नसलेले दोन: या मण्यांमुळे जखमेतून काही दिवस पाणी येऊ शकतं आणि काही पेशंटमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तर त्यावर लक्ष कोण ठेवणार? किडनीचा त्रास असेल तर हे आवर्जून आधीच सांगा. आमच्या सर्जननी सगळी उत्तरं शांतपणे दिली. प्रश्न नेमका असला की डॉक्टर चिडत नाहीत, हा माझा अनुभव.

पैशांचंही जाता जाता सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण गुडघ्यासाठी तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. त्यामुळे एस्टिमेट आलं की इम्प्लांट, सिमेंट आणि फिलर या तीन ओळी वेगवेगळ्या लिहून मागा. 'कन्झ्युमेबल्स' अशा एका गोळाबेरीज आकड्यात फिलर बुडाला असेल तर कुठल्या कंपनीचा, किती सीसी, हे कळायचा मार्ग उरत नाही. आणि वर पाहिलंत ना, कुठला हे महत्त्वाचं आहे.

शेवटचं काम लेबलांचं. स्वीडनमध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून, म्हणून तिथे कुठला गुडघा किती वर्षं टिकला ते कळतं. भारतात सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेची. तेव्हा आपली नोंद आपणच ठेवायची. इम्प्लांटच्या डब्यात लॉट नंबरची चिकट लेबलं येतात, ती केसपेपरवर लावतात. डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे जो कोणी असेल, भाऊ, वहिनी, शेजारचे काका, त्यांना त्या पानाचा फोटो काढायला सांगा. इम्प्लांटची लेबलं बहुतेक तिथे असतील. सिमेंटचं आणि फिलरचं लेबल आहे का ते बघायला सांगा, नसेल तर मागून घ्या.